नदीकाठच्या फांदीवरून दिवाणखान्यात

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरे

हिरव्या इग्वानाविषयीची पत्रे साठत गेली, म्हणून या वेळचे सगळे सदर त्यालाच दिले आहे. पत्रे निरनिराळ्या गावांची आणि तक्रारीही निरनिराळ्या असल्या, तरी उत्तर लिहिताना मला दर वेळी एकाच ठिकाणी जावे लागले. मेक्सिकोपासून दक्षिण ब्राझील आणि पॅराग्वेपर्यंतच्या उष्ण प्रदेशात नदीवर झुकलेले एखादे उंच झाड असते, त्याच्या शेंड्याजवळच्या फांदीवर हा प्राणी दिवसभर ऊन खात आणि पाला चावत बसतो. ती फांदी डोळ्यांसमोर ठेवली, की पिंजऱ्यात काय चुकले आहे हे बरेचसे आपोआप दिसते.

प्रश्न : मुलाच्या हट्टापायी आठ महिन्यांपूर्वी आम्ही इग्वानाचे पिल्लू आणले. विकणाऱ्याने 'घोरपडीच्याच जातीतले आहे, काहीही खाते' असे सांगितले होते. तीन फुटी काचेच्या पेटीत, खिडकीपाशी जमिनीवर ठेवले आहे आणि तळाला विजेवर गरम होणारा दगड आहे. काकडी, लेट्यूस आणि एक दिवसाआड उकडलेले अंडे देतो. पंधरा दिवसांपासून त्याच्या पायांची बोटे थरथरतात आणि खालचा जबडा सुजल्यासारखा दिसतो. मुलाला वाटते, तो हसतो आहे. काळजीचे कारण आहे का? (एक पालक, ठाणे)

आहे, म्हणूनच अंक निघण्याची वाट न पाहता मी आपल्याला आधीच कळवले होते. हे उत्तर इतरांसाठीही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. फुगलेला, बोटाने दाबल्यास रबरासारखा लवणारा जबडा आणि बोटांची थरथर ही हाडांतले कॅल्शियम उपसले जात असल्याची खूण आहे. रक्तात कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून घेते, रिकाम्या झालेल्या जागी तंतुमय ऊतक भरते आणि जबडा जाड दिसू लागतो. मुलाला जे हसू वाटते, ते हेच. अशा अवस्थेत साध्या उडीनेही हाड मोडू शकते, म्हणून उचलताना छाती आणि कंबर दोन्हींखाली हात असावा, आणि कॅल्शियमचे औषध घरच्या अंदाजाने न पाजता क्ष-किरण व रक्ततपासणी करून पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेतच द्यावे.

आता कारणांकडे वळू. पहिले कारण काच हे आहे. अन्नातले कॅल्शियम आतड्यातून शोषले जायला ड जीवनसत्त्व लागते, आणि इग्वाना ते आपल्या कातडीत, सूर्यप्रकाशातल्या २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांच्या साहाय्याने तयार करतो. झाडाच्या शेंड्यावर हे किरण त्याला रोज फुकट मिळतात. खिडकीची किंवा पेटीची साधी काच मात्र प्रकाश आणि उष्णता आत सोडते आणि नेमके हे किरण बहुतांशी अडवते, त्यामुळे आपले पिल्लू आठ महिने उजेडात बसूनही उन्हावाचून राहिले. यावर उपाय म्हणून परदेशी पुस्तिका अतिनील किरण देणारी नळी लावायला सांगतात, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ती लावावीच. ती रोज १२ तास चालू असावी, प्राण्यापासूनचे अंतर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावे, आणि नळी पेटत असली तरी सहा ते बारा महिन्यांत बदलावी, कारण डोळ्यांना दिसणारा उजेड टिकून राहिला तरी न दिसणारे किरण त्याआधीच क्षीण झालेले असतात.

पण या पुस्तिका ज्या देशांत लिहिल्या गेल्या, तिथे वर्षातले कित्येक महिने ऊनच नसते, हे आपण विसरतो. मुंबई ज्या १९ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, त्याच अक्षांशावर मेक्सिकोचे व्हेराक्रूझ बंदर आहे आणि तो प्रदेश इग्वानाच्या घरचाच आहे. ज्या उन्हासाठी तिकडचे लोक महागडे दिवे घेतात, ते आपल्या गच्चीत पडून असते. तारेच्या जाळीचा, अर्ध्या भागावर सावली असलेला पिंजरा करून त्याला सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावे. काचेची पेटी मात्र कधीही उन्हात ठेवू नये. काही मिनिटांत तिची भट्टी होते.

दुसरे कारण, किंवा निदान होऊ घातलेला अपघात म्हणा, तो गरम दगड. झाडावर ऊब वरून येते, पाठीवर पडते. पोटाखालचा दगड चटके देण्याइतका तापला तरी तिथून उठून जावे, हे या प्राण्याला वेळेवर उमगत नाही, आणि पोट भाजलेले इग्वाना आमच्याकडे येतात ते याच दगडामुळे. तो आजच काढून टाकावा. ऊब वरून, जाळीबाहेर लावलेल्या दिव्याने द्यावी. दिव्याखालच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश सेल्सियस, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला २७-२८ अंश आणि रात्री २२-२४ अंश तापमान असावे, म्हणजे ऊन-सावली त्याची त्याला निवडता येते.

तिसरी गोष्ट उंचीची. जंगलात पिल्ले खालच्या झुडपांत राहतात आणि वाढत जातात तशी वर सरकतात. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह पाच-सहा फुटांचा होतो, त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीच असते. त्याला सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि निदान तीन फूट रुंद जागा लागते, आणि तिच्यात त्याच्या अंगाइतक्या जाडीच्या आडव्या फांद्या लागतात. जमिनीवर ठेवलेल्या पेटीतल्या इग्वानाला घरातले प्रत्येक माणूस वरून येणाऱ्या शिकाऱ्यासारखे दिसते. ही जागा आपल्या घरात होणार नसेल, तर त्याचा विचार आत्ताच करावा. योग्य काळजी घेतल्यास हा प्राणी १५ वर्षेही जगतो.

आणि शेवटी अंडे. 'घोरपडीच्या जातीतला' या दोन शब्दांनी आपल्याकडच्या जितक्या इग्वानांचे मूत्रपिंड बिघडवले असेल, तितके दुसऱ्या कशानेही नसेल. घोरपड मांसाहारी आहे, ती उंदीर, बेडूक, अंडी खाते. इग्वाना पाला खातो, आणि सारखे दिसणे एवढाच दोघांचा आपल्या दृष्टीने संबंध. (सिंहगडाच्या दंतकथेतली यशवंती चढली ती घोरपड, इग्वाना पाळणाऱ्या एका उत्साही मुलाने आपल्या इग्वानाचे नाव यशवंत ठेवले होते, त्याला मी काही बोललो नाही.) गाईच्या पोटात पाला आंबवण्याचे जे काम पुढच्या कप्प्यात चालते, ते इग्वानाच्या मोठ्या आतड्यातल्या कप्प्यांत जिवाणू करतात. हे जिवाणू जन्मतः नसतात. पनामात कॅथरीन ट्रॉयर यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले, की नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले मोठ्या इग्वानांच्या सहवासात राहून त्यांची विष्ठा खातात आणि ते जिवाणू मिळवतात. ही आंबवण्याची क्रियाही उबेशिवाय चालत नाही, म्हणून थंड पेटीतला इग्वाना भरपूर खाऊनही उपाशीच राहतो.

आपल्या बाजारात त्याला लागणारे बरेच काही आहे. शेवग्याचा कोवळा पाला, जास्वंदीची पाने आणि फुले, तुतीची पाने, लसूणघास यांवर भर द्यावा; सोबत मेथी, फरसबी, किसलेला लाल भोपळा, कधीतरी अंजिराची किंवा पपईची फोड. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे, हा यामागचा हिशेब आहे. पालक, चाकवत आणि राजगिरा यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून ते रोज नकोत. अळू तर मुळीच नको. काकडी आणि लेट्यूस म्हणजे जवळजवळ पाणीच. अंडे, मांस आणि कुत्र्याचे खाद्य कायमचे बंद करावे. रोपवाटिकेतून आणलेल्या जास्वंदीवर कीटकनाशक फवारलेले असते. तिची नवी पाने फुटेपर्यंत थांबावे.

प्रश्न : नागपुरात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. इग्वाना उष्ण प्रदेशातलाच असल्यामुळे त्याच्या खोलीत कूलर लावला नाही. तो दुपारी तोंड उघडे टाकून बसतो. शिवाय शेपटीच्या टोकाची आणि बोटांवरची कात निघतच नाही. (एक वाचक, नागपूर)

उष्ण प्रदेश म्हणजे विदर्भाचा उन्हाळा नव्हे. त्याच्या जंगलात पाने आहेत, पानांखाली सावली आहे, खाली नदी आहे आणि हवेत ६५ ते ८० टक्के आर्द्रता आहे. फारच तापले तर तो फांदीवरून सरळ पाण्यात उडी टाकतो. चाळीस-पन्नास फुटांवरूनही टाकतो आणि शेपटीच्या बळावर पोहत जातो. आपल्या खोलीत यातले काहीच नसताना तोंड उघडून बसणे हा त्याचा शेवटचा उपाय आहे, त्यानंतर तो कोसळेल.

वाळ्याचा कूलर या बाबतीत वातानुकूलन यंत्रापेक्षा सरस आहे, कारण तो हवा थंड करता करता ओलीही करतो, तर यंत्र तिच्यातले पाणी काढून घेते. झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. दिवसातून दोन-तीनदा पाण्याची फवारणी करावी, आणि ती पानांवरही करावी, कारण वाटीतल्या स्थिर पाण्यापेक्षा पानांवरचे थेंब चाटून पिणे त्याच्या अधिक ओळखीचे असते. अडकलेली कात ओढू नये. कोमट पाण्यात वीस मिनिटे बसवून ओल्या मऊ फडक्याने हळूहळू सोडवावी. ती तशीच राहिली तर दोरा आवळल्यासारखी बसते आणि बोट किंवा शेपटीचे टोक काळे पडून गळते.

हेच थंडीच्या बाबतीत उलट आहे आणि ते नाशिक-पुण्याच्या वाचकांसाठी लिहितो. फ्लोरिडात माणसांनी नेलेले इग्वाना रानात पसरले आहेत. तिथे थंडीची लाट येऊन तापमान सात-आठ अंशांखाली गेले, की ते बधिर होऊन झाडांवरून टपाटप खाली पडतात; जानेवारी २०२० मध्ये मियामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना तसा इशाराच दिला होता. निफाडची डिसेंबरची पहाट त्याहून वेगळी नसते. तिथे रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिकचा तापक आणि त्याला तापमान-नियंत्रक हवा. कोकणातल्या वाचकांनी आर्द्रतेची चिंता करू नये; जुलैत त्यांच्या पिंजऱ्याला हवा खेळती ठेवणे एवढेच पुरे.

प्रश्न : आमच्या इग्वानाला सतत शिंका येतात आणि पेटीच्या भिंतीवर पांढरे शिंतोडे दिसतात. सर्दी असेल का? दुसरे म्हणजे, पाण्याचे घमेले ठेवले की तो हमखास त्यातच घाण करतो. घरात दोन वर्षांची नात आहे. (एक आजी, पुणे)

सर्दी नाही. बोटावर घेऊन पाहिलेत तर ते शिंतोडे मिठाच्या भुकटीसारखे कोरडे लागतील, आणि ते मीठच आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचे मूत्रपिंड क्षार दाट करून बाहेर टाकू शकत नाही, म्हणून इग्वानाच्या नाकात त्यासाठी स्वतंत्र ग्रंथी असते आणि तो जादा क्षार शिंकून टाकतो. नाकातून चिकट स्राव येऊ लागला किंवा तो तोंडाने श्वास घेऊ लागला, तर मात्र दाखवावे. पाण्याशी आणि क्षाराशी जमवून घेण्याची ही जात किती तयारीची आहे, ते १९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रात दिसले: चक्रीवादळांनी उन्मळलेल्या झाडांच्या तराफ्यावर बसून निदान पंधरा हिरवे इग्वाना अँग्विला बेटावर येऊन लागले.

पाण्यात विष्ठा करणे हीदेखील त्याची मूळची सवय आहे. नदीत ते वाहून जाते, घमेल्यात राहते, म्हणून घमेले रोज, आणि घाण केल्यास लगेच, धुवावे लागेल. ते मोरीत किंवा न्हाणीघरात धुवावे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कदापि नाही. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना त्यांचा अधिक त्रास होतो. नातीने त्याला हात लावू नये, आणि आपणही हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

प्रश्न : आमची मादी चार वर्षांची आहे. ती एकटीच आहे, नर कधीच नव्हता. तीन आठवड्यांपासून तिने खाणे सोडले आहे, पोट फुगले आहे आणि ती दिवसभर पिंजऱ्याचा कोपरा खरवडत असते. (एक वाचक, कोल्हापूर)

तिच्या पोटात अंडी आहेत. नर नसला तरी मादी निष्फळ अंडी धरते, जशी कोंबडी धरते. ती कोपरा खरवडते आहे, कारण तिला बीळ खणायचे आहे आणि तळाला जमीन नाही.

पनामा कालव्यासाठी तयार झालेल्या गातून जलाशयात बारो कोलोरॅडो बेटाच्या शेजारी स्लॉथिया नावाचे एक चिमुकले बेट आहे. स्मिथसोनियन संस्थेचे स्टॅन्ले रँड आणि त्यांचे सहकारी तिथे वर्षानुवर्षे इग्वानांचे निरीक्षण करत होते. झाडावरून सहसा न उतरणाऱ्या शंभराहून अधिक माद्या कोरड्या हंगामात पोहत येऊन त्या मोकळ्या मातीच्या तुकड्यावर जमतात, एकमेकींशी भांडत बिळे खणतात आणि अंडी घालून बिळाचे तोंड बुजवून निघून जातात. त्याच बेटावर मगरही अंडी घालते, हे ठाऊक असून जातात. उघड्यावर, ऊन लागणारी, सैल पण न ढासळणारी माती इतकी मोलाची असते. पिल्ले सुमारे तीन महिन्यांनी, पाऊस सुरू होऊन कोवळा पाला फुटतो त्या सुमारास बाहेर पडतात.

तिच्यासाठी एक मोठे झाकणाचे पिंप आडवे ठेवावे, तिला आत वळता येईल एवढे. त्यात फूटभर जाडीचा, ओलसर वाळू आणि मातीचा थर भरावा. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपत ओल असावी. तापमान २८ ते ३० अंश असावे. वर अंधार करावा आणि तिला एकटे सोडावे. कोणी पाहत असेल तर ती खणणे अर्धवट टाकते. एका वेळी वीसपासून साठ-सत्तरपर्यंत अंडी येतात. एवढे करूनही दोन-तीन दिवसांत अंडी आली नाहीत, किंवा ती मलूल होऊन डोळे मिटून पडू लागली, तर अंडी अडकली आहेत असे समजून तातडीने क्ष-किरण काढावा. चपळ, सावध मादी न खाताही तीन-चार आठवडे राहू शकते; मलूल मादीला एक दिवसही देऊ नये. नंतर तिला पाणी, कॅल्शियम आणि पाला भरपूर लागेल.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. मी उचलायला हात घातला की आमचा इग्वाना शेपटी मारतो. बाबांना मात्र मारत नाही. आणि कपाटाच्या आरशासमोर मान वरखाली का करतो? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

त्याच्या डोक्याच्या मधोमध नीट बघ. एक फिकट, मोत्यासारखा गोल खवला दिसेल. तो त्याचा तिसरा डोळा आहे. त्याने चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली मात्र कळते, आणि वरून येणारी सावली म्हणजे ससाणा किंवा गरुड. तू वरून हात घालतोस, बाबा बहुधा बाजूने घालत असतील. एकदा लक्ष ठेवून पाहा. समोरून, त्याला दिसेल असा हात हळू न्यावा आणि छातीखालून उचलावे. शेपटी कधी धरू नये, ती तुटते.

आरशात त्याला दुसरा नर दिसतो. मान हलवणे आणि गळ्याची पिशवी ताणणे म्हणजे 'ही फांदी माझी' असे बजावणे. आरसा झाकून टाक, नाहीतर तो दिवसभर त्या शेजाऱ्याशी भांडत बसेल आणि खाणार नाही. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर नारिंगी झाक येते. तेवढे आठवडे त्याला चेहऱ्याजवळ नेऊ नकोस.

प्रश्न : उच्च शिक्षणासाठी मी परदेशी जात आहे. इग्वाना मित्राला द्यावा की गावाकडच्या नदीकाठच्या राईत सोडून द्यावा? तिथे त्याला घरच्यासारखे वाटेल. (एक वाचक, मुंबई)

राईत सोडण्याचा विचार मनातून काढून टाकावा. तो जगला नाही तर तडफडून मरेल, आणि जगला तर अधिक वाईट होईल: फ्लोरिडा, प्वेर्तो रिको आणि तैवानमध्ये अशाच सोडलेल्या व सुटलेल्या प्राण्यांतून त्यांची मोठी वस्ती झाली, ते बागा फस्त करतात आणि बंधारे पोखरतात. आपल्या कोकणातली दमट नदीकाठे त्याला फारच मानवतील.

मित्राला देता येईल, पण कागदपत्रांनिशी. हिरवा इग्वाना 'साइट्स' या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ मधील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानंतर अशा विदेशी प्राण्यांचा समावेश चौथ्या अनुसूचीत होतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार तो बाळगणाऱ्याने केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करायची असते, आणि जन्म, मृत्यू व हस्तांतरण या तिन्हींची माहिती मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाला द्यायची असते. आपली नोंदणी झाली नसेल, तर आधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढे काय करायचे ते विचारावे. मित्राच्या हवाली नंतर करावा.

देताना पिंजऱ्यासोबत एका कागदावर तो काय खातो आणि दिव्याची नळी शेवटची कधी बदलली ती तारीख लिहून द्यावी. रोज रात्री तो ज्या फांदीवर झोपतो, ती न धुता तशीच पाठवावी; नव्या घरात पहिले काही दिवस तो तिच्यावरून हलणार नाही, आणि मित्रानेही त्याला हलवू नये.